ठोसा येताना बघायला शिकले त्याची गोष्ट

बॉक्सिंग शिकायला गेले तेव्हा मला तेविसावं वर्ष चालू होतं. हॉलमध्ये दोरीवर उड्या मारणारी बहुतेक मुलं-मुली शाळेत असल्यापासून खेळत होती. नुसता व्यायाम म्हणून बॉक्सिंग करणारे खूप असतात आणि त्यात वावगं काहीच नाही. मला मात्र स्पर्धेत उतरायचं होतं आणि ते मी पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाकलं. त्यांनी वय विचारलं, आधी काय खेळलेय ते विचारलं. मग डोक्याला कधी मार लागलाय का, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का, फिट येते का, अशी चौकशी केली. शेवटी म्हणाले, "निदान वर्षभर स्पर्धेचं नाव काढायचं नाही. चालेल?"

चालणार होतं. खुल्या गटात 19 ते 40 वयापर्यंत खेळता येतं, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने मला उशीर झालेला नव्हता. उशिरा सुरुवात करून पुढे गेलेलेही आहेत. ब्रिटनचा अँथनी जोशुआ अठराव्या वर्षी जिममध्ये गेला आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरने विशीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पण दोघेही वरच्या वजनगटांतले, ही गोष्ट उदाहरणं देताना विसरायची नाही. तिथे उंची, लांब हात आणि ताकद यांच्या जोरावर बरंच अंतर भरून काढता येतं. माझ्यासारख्या 60 किलोच्या गटात समोरची तितकीच हलकी आणि तितकीच चपळ असते, आणि तिच्या पायांत पाच-सात वर्षांची सवय मुरलेली असते. म्हणून सरांनी मला आधी पायांवरच घेतलं.

ठोसे मारायच्या बॅगला हात लावायला बरेच आठवडे मिळाला नाही. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांजवळ. पुढे जायचं तर आधी पुढचा पाय, मागे यायचं तर आधी मागचा. पाय एकमेकांना छेदून जाता कामा नयेत. हे ऐकायला सोपं आहे. आरशासमोर एकटीनं करायलाही फार अवघड नाही. पण कुणी अंगावर चालून आलं की पहिल्या झटक्यात पाय जवळ येतात आणि तोल जातो. तो तोल जाणार नाही इतकी ती हालचाल अंगात जिरायला हवी, त्यासाठी हा सगळा घोकंपट्टीचा काळ. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तोही असाच. हात ज्या रेषेत जातो त्याच रेषेत आणि त्याच वेगात परत गालापाशी यायला हवा. मागच्या हाताच्या ठोशाची ताकद दंडात शोधायची नसते. मागचा पाय जमिनीवर वळतो, त्याच्यापाठोपाठ कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ पोहोचते. ज्या दिवशी हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी सरांच्या हातातल्या पॅडचा आवाजच वेगळा आला आणि सर एक अक्षर न बोलता पुढच्या मुलीकडे वळले. मी त्या आवाजावर घरापर्यंत खूश होते.

हँडरॅप बांधण्याबद्दल थोडं सांगते, कारण नवीन येणारे ते उरकून टाकतात. साडेचार मीटरची पट्टी. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग बोटं पसरून ठेवून गाठींवरून वेढे, पुन्हा मनगट, बोटांच्या फटींतून एकेक फेरा, आणि उरलेली पट्टी परत मनगटावर. बोटं पसरलेली नसतील तर मूठ वळल्यावर पट्टी आवळते आणि हात बधिर होतो. मनगट सैल राहिलं तर हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं ठोसा, मारताना ते मुडपतं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या गाठी समोरच्यावर आदळल्या पाहिजेत. करंगळीच्या बाजूनं ठोसा बसला तर तिथलं तळहाताचं हाड मोडतं; त्या मोडण्याला डॉक्टर 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात. मला तर ही दहा मिनिटं फार आवडायला लागली. कामाच्या ठिकाणचं, घरचं जे काही डोक्यात घेऊन आलेलं असायचं, ते या वेढ्यांमध्ये हळूहळू बाजूला पडायचं.

मग आला तो भाग, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. डोळे.

चेहऱ्याकडे काही वेगानं आलं की पापण्या मिटतात. हे आपण ठरवून करत नाही, शरीर आपल्याला न विचारता करतं, आणि एरवी त्यानं डोळे वाचतात. पण रिंगमध्ये पहिला जॅब येताना डोळे मिटले की त्याच्या मागून येणारा उजवा हात दिसतच नाही. शिवाय पापण्यांबरोबर मानही वळते, आणि वळलेल्या मानेवर बसलेला ठोसा सगळ्यात वाईट. ठोसा दिसला तर हनुवटी आपोआप आत जाते, मानेचे स्नायू ताठ होतात, डोकं आघातासाठी तयार असतं. न दिसलेल्या ठोशाला डोकं मोकळं सापडतं. म्हणून अनुभवी बॉक्सर म्हणतात की माणूस जोरदार ठोशानं पडत नाही, न दिसलेल्या ठोशानं पडतो.

माझ्या डोळ्यांवर काम करायला सरांनी जोडीला दिली ती सतरा वर्षांची मुलगी. वयानं माझ्यापेक्षा लहान, खेळात कितीतरी मोठी. मी गार्ड, म्हणजे दोन्ही हात चेहऱ्यासमोर, वर धरून भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि ती माझ्या ग्लव्हजवर हलके, अगदी थोपटल्यासारखे जॅब टाकायची. मी काहीच करायचं नाही. फक्त बघायचं. "ताई, मिटले," ती म्हणायची. पुन्हा जॅब. "परत मिटले." तिच्या आवाजात कधी कंटाळा नसायचा. ग्लव्हकडे बघितलं की डोळे मिटणारच, हे मला तिनंच सांगितलं. ग्लव्ह इतका वेगात येतो की त्याचा पाठलाग करण्यात अर्थ नाही. बघायचं ते समोरच्याच्या गळ्याच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे. तिथे नजर ठेवली की खांदा हलल्याचं दिसतं, कंबर वळल्याचं कळतं, पुढच्या पायावर भार आल्याचं जाणवतं, आणि हे सगळं मूठ निघण्याआधी घडत असतं.

दुसरा सराव दोरीचा. रिंगच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला खांद्याच्या उंचीवर दोरी बांधायची आणि तिच्या खालून डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे काढत पुढे सरकायचं. वाकायचं गुडघ्यांतून, आणि नजर पूर्ण वेळ समोर. पाठीतून वाकलं की नजर जमिनीकडे जाते, आणि जमिनीकडे बघणाऱ्या बॉक्सरला अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, बसतो. खांद्याला टपली मारण्याचा खेळही खूप खेळलो. दोघींनी एकमेकींच्या खांद्याला शिवायचं आणि स्वतःचा खांदा वाचवायचा. त्यात मार लागण्याची भीती नसते, म्हणून डोळे उघडे राहतात, आणि अंतराचा अंदाज नकळत अंगात उतरत जातो.

पापण्यांची ती सवय समूळ जाते असं मला वाटत नाही. जॅब नाकावर बसला की अजूनही क्षणभर मिटतात. बदललं ते इतकंच की मिटल्या तशा लगेच उघडतात, आणि मान वळत नाही. तेवढ्यानं रिंगमधलं सगळं बदललं.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, सुरू झालं ते यानंतर. स्पारिंगला 16 औंसांचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे जाड ग्लव्हज असतात. आमच्या वजनगटात स्पर्धेला 10 औंसांचे. वर हेडगार्ड आणि तोंडात माउथगार्ड. बाहेरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. आत असताना कळतं की तिथे दोघांचा एक करार असतो. आज कशावर काम करायचं, किती जोर लावायचा, हे घंटेआधी ठरलेलं असतं. आमच्याकडे नवीन मुलगी रिंगमध्ये आली की तिच्यापेक्षा सरस असलेल्या मुलीनं तिला सुधारायला वाव द्यायचा, असा शिरस्ता होता. एकीनं फक्त जॅब, दुसरीनं फक्त बचाव, असे कितीतरी राउंड आम्ही खेळलो. पहिल्याच आठवड्यात नवख्याला रिंगमध्ये ढकलून 'बघू, टिकतो का' असं बघणारा प्रशिक्षक भेटला, तर तिथून सरळ निघून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं धैर्य तर येत नाहीच, उलट डोळे मिटायची सवय पक्की होते.

श्वासाचं गणितही स्पारिंगमध्येच उमगलं. घाबरलं की आपण श्वास कोंडतो, मुठी आवळतो, खांदे कानांपर्यंत नेतो. एका मिनिटात हात शिशाचे होतात. मला आधी वाटायचं दम कमी पडतोय, आणि मी धावणं वाढवलं. धावण्याचा फायदा झालाच, पण खरा फरक पडला तो प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून 'हुस्' असा श्वास सोडण्यानं आणि मूठ फक्त आदळण्याच्या क्षणाला आवळण्यानं. बॉक्सर ठोसे मारताना जो आवाज करतात तो समोरच्याला घाबरवायला नसतो. त्या आवाजाबरोबर श्वास बाहेर पडतो, पोट घट्ट होतं, आणि तेवढ्यात पोटात ठोसा आलाच तर तो झेलता येतो.

एकदा स्पारिंगनंतर संध्याकाळी डोकं दुखायला लागलं आणि दिव्याचा उजेड नकोसा झाला. ठोसा काही फार मोठा नव्हता. मी सरांना फोन केला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत स्पारिंग बंद करून टाकलं. या काळात मी बरंच वाचलं. हेडगार्डमुळे कातडी फाटणं, भुवई फुटणं कमी होतं. मेंदू मात्र कवटीच्या आत हलतो, आणि ते हलणं बाहेरच्या गादीनं पुरतं थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड 1984 साली आलं, आणि खुल्या गटातल्या पुरुषांसाठी 2013 मध्ये काढूनही टाकलं. महिलांसाठी ते 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही होतं. या निर्णयांवर अजून वाद चालू आहे. माझ्यापुरता निष्कर्ष साधा आहे: डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, मधलंच काही न आठवणं, यातलं काहीही झालं तर त्या दिवशी परत रिंगमध्ये जायचं नाही, आणि 'काही नाही, ठीक आहे' असं म्हणायचं नाही. हा खेळ धोक्याचा आहे. तो धोका माहीत असून मी खेळते, म्हणून त्याबद्दल खरं बोलणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आईला हा सगळा प्रकार मान्य नव्हता. तिनं विरोध केला नाही, पण हॉलमध्ये पाऊलही टाकलं नाही. डोकेदुखीच्या त्या दिवसांत ती उशाशी बसून होती आणि एकदाच म्हणाली, "तुझे सर बरे दिसतायत, थांबवलं त्यांनी." तिच्याकडून मिळालेली ही मोठीच पावती होती.

सरांनी पहिल्या लढतीसाठी नाव द्यायचं म्हटलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. माझं वजन 61 च्या आसपास असायचं. 57 च्या गटात उतरलीस तर उंचीचा फायदा मिळेल, असं एका मैत्रिणीनं सुचवलं. सरांनी ते उडवून लावलं. पाणी तोडून वजन उतरवलेलं शरीर रिंगमध्ये दमतं आणि मेंदूलाही ते सोसत नाही. पहिल्या लढतीत तर मुळीच नाही. जेवणात थोडी शिस्त आणली आणि 60 मध्ये सहज बसले.

स्पर्धेच्या सकाळी आधी वैद्यकीय तपासणी, मग वजन. डॉक्टर रक्तदाब, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, हातांची हाडं बघतात. मुलींना गरोदर नसल्याचं लिहून द्यावं लागतं. माउथगार्ड लाल रंगाचं चालत नाही, कारण तोंडातून रक्त आलं तर ते दिसलं पाहिजे. केस पूर्ण बांधून हेडगार्डखाली, आणि पिना अजिबात नाहीत. या बारीकसारीक नियमांनी मला फार धीर दिला. इथे आपल्या जिवाची काळजी करणारी बरीच माणसं हजर आहेत, असं वाटलं.

मोठ्या स्पर्धांत तीन मिनिटांचे तीन राउंड असतात आणि मधे एकेक मिनिट विश्रांती. नवोदितांच्या लढती बऱ्याचदा दोन मिनिटांच्या राउंडच्या होतात, माझीही तशीच होती. मी निळ्या कॉर्नरला. रिंग दोरांच्या आत जेमतेम सहा मीटर लांब-रुंद असते. खाली उभं राहून बघताना ती लहान वाटते. आत गेल्यावर मला ती मैदानाएवढी वाटली.

पहिला राउंड माझा झाला असं मला आतूनच जाणवत होतं. ती माझ्यापेक्षा ठेंगणी, अंगानं मजबूत, सतत पुढे येणारी. मी जॅब टाकत डावीकडे सरकत राहिले. तिचे खांदे दिसत होते. ती उजवा हात सोडण्याआधी तिचा डावा खांदा किंचित मागे जायचा, आणि ते दिसलं की मी तिथून निघालेली असायचे. लोक ओरडत असणार, मला फक्त सरांचा आवाज येत होता.

दुसऱ्या राउंडमध्ये तिनं मला दाखवून दिलं की बघायचं काम दोघीही करत असतात. पहिला राउंडभर तिनं माझ्या जॅबची लय टिपली होती. मी जॅब टाकला आणि त्याच क्षणी तिचा उजवा हात माझ्या हातावरून, बाहेरच्या बाजूनं, वळण घेऊन आला. तो मला दिसला नाही. दुखलंही नाही. नुसता एक पांढरा क्षण आला, आणि पुढचं दिसलं ते रेफरीचं बोट. मी उभीच होते, पण ते आकडे मोजत होते. चार. पाच. प्रत्येक आकड्याला एकेक बोट माझ्या चेहऱ्यासमोर येत होतं आणि ते माझ्या डोळ्यांत बघत होते. सहाला मी हात वर घेतले. त्यांनी मला त्यांच्याकडे पाऊल टाकायला लावलं. उभ्या खेळाडूचीसुद्धा आठपर्यंत मोजणी पूर्ण होते, त्याआधी लढत सुरू होत नाही. आठ म्हटल्यावर त्यांनी आणखी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बॉक्स."

त्या आठ सेकंदांबद्दल मला पुष्कळदा विचारतात, भीती वाटली का? भीती नंतर वाटली, रात्री. तेव्हा डोक्यात एकच होतं की तो हात कुठून आला.

तिसरा राउंड मी जॅबची लय मोडून खेळले. कधी दोन जॅब, कधी नुसतीच खांद्याची हूल. एकदा हुलीला फसून तिनं तोच उजवा हात पुन्हा सोडला आणि तो या वेळी मला निघाल्यापासून दिसला. मी गुडघ्यांतून खाली गेले, तो डोक्यावरून गेला आणि माझा डावा हात तिच्या पोटात बसला. सबंध लढतीत माझ्या मनासारखा झालेला तो एक ठोसा.

निकाल तिच्या बाजूनं लागला, चार विरुद्ध एक. पाच जज रिंगच्या बाजूला वेगवेगळ्या ठिकाणी बसतात आणि प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9 किंवा कमी असे गुण देतात. ही पद्धत हौशी बॉक्सिंगमध्ये 2013 पासून आली. त्याआधी, 1992 च्या बार्सिलोनापासून 2012 च्या लंडनपर्यंत, ऑलिंपिकमध्ये जज बटणं दाबून ठोसे मोजायचे. त्या पद्धतीलाही कारण होतं 1988 च्या सोल ऑलिंपिकमधलं: अमेरिकेच्या रॉय जोन्सनं अंतिम लढतीत ढीगभर ठोसे मारूनही निकाल विरुद्ध गेला आणि जगभर गदारोळ झाला. ठोसे मोजायची पद्धत आली तशी खेळाडू नुसते शिवून पळायला लागले, अशी टीका झाली. आता नेमके आणि नीट बसलेले ठोसे, लढतीवरची हुकमत आणि लढण्याची जिद्द असं सगळं एकत्र पाहतात. हौशी बॉक्सिंगमध्ये रेफरीनं आठपर्यंत आकडे मोजले म्हणून आपोआप वेगळे गुण कापले जात नाहीत, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. व्हिडिओ पाहिल्यावर मलाही दुसरा आणि तिसरा तिचाच वाटला. तिसऱ्यात तिचे ठोसे माझ्यापेक्षा जास्त बसले होते.

लढत संपल्यावर ती माझ्या कॉर्नरला येऊन सरांच्या पाया पडली, मी तिच्या कॉर्नरला गेले. डॉक्टरांनी दोघींच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. माझी मोजणी झालेली असल्यानं मला जरा जास्त वेळ थांबवलं, तारीख-वार विचारला, एका पायावर उभं केलं. सरांनी त्यानंतर डॉक्टरांशी बोलून स्पारिंगला सक्तीची सुट्टी दिली आणि मी नुसतं शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे, करत बसले.

आता पुढच्या स्पर्धेची तयारी चालू आहे. माझ्या गटात एक डावखुरी मुलगी आहे, म्हणजे तिचा उजवा पाय पुढे. डावखुऱ्यांसमोर शिकलेलं सगळं उलटं होतं. पुढचे पाय एकमेकांवर आपटतात, जॅबला जॅब अडतो, आणि तिचा ताकदीचा हात अशा बाजूनं येतो जिकडे बघायची मला सवय नाही. सरांचं सांगणं एकच आहे, डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेव, म्हणजे तुझा उजवा हात सरळ जाईल आणि तिच्या डाव्या हाताला लांबचा वळसा पडेल. त्यासाठी हॉलमधला एक डावखुरा मुलगा मला रोज दोन राउंड देतो. तो जॅब टाकतो, मी पाऊल बाहेर काढते. सतरा वर्षांची माझी गुरू दोराला टेकून आमच्या पायांकडे बघत असते आणि मधूनच ओरडते, "ताई, पाय बरोबर आहे, पण खाली बघू नकोस."